वऱ्हाडचा काळा दगड आणि समुद्रातले करंडक

अमरावती-अकोल्याच्या माणसाला समुद्र म्हणजे रात्रभराच्या रेल्वेप्रवासानंतर मुंबईत दिसणारी गोष्ट. त्याचा आपल्या शेताशी, विहिरीशी किंवा नदीशी काही संबंध असेल, असे सहसा मनात येत नाही. परंतु गाविलगडच्या डोंगरात पडलेल्या पावसाला ही दूरता ठाऊक नसते. तो पूर्णेत उतरतो. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून वाहत जाऊन ही पूर्णा जळगाव जिल्ह्यातील चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला. जिल्ह्याच्या पूर्वेकडील पाणी वर्धा नदीतून पुढे गोदावरीत आणि अखेर बंगालच्या उपसागरात जाते. म्हणजे वऱ्हाड हा समुद्रापासून दूर असला तरी त्याचे पाणी दोन समुद्रांना जाते.

या पाण्याबरोबर गाळ जातो, हे डोळ्यांना दिसते. न दिसणारी आणखी एक वस्तू त्यातून जात असते. ती म्हणजे पाण्यात विरघळलेला दगड, अधिक नेमके सांगायचे तर सिलिका. नदीतून येणाऱ्या या सिलिकेवर समुद्रातील एका सूक्ष्म वनस्पतिवर्गाचे जगणे अवलंबून आहे आणि त्या वर्गावर पृथ्वीच्या हवेतील कार्बनचा हिशेब बऱ्याच अंशी अवलंबून आहे. या सूक्ष्म वनस्पतींचे नाव डायटॉम. मराठी परिभाषेत त्यांना ‘करंडक वनस्पती’ असे अतिशय समर्पक नाव मिळाले आहे.

काचेचा करंडा

कुंकवाच्या करंड्याला जसे खालचे भांडे आणि त्यावर घट्ट बसणारे झाकण असते, तसेच डायटॉमचे घर दोन भागांचे असते. फरक इतकाच की हा करंडा काचेचा असतो. पाण्यात विरघळलेले सिलिसिक आम्ल शोषून ही एकपेशीय वनस्पती आपल्याभोवती ओपल जातीच्या सिलिकेचे पारदर्शक कवच रचते. त्यावर रेषा, छिद्रे आणि जाळ्या यांची अशी नक्षी असते की केवळ तिच्यावरून तज्ज्ञ जात ओळखतात. बहुतेक डायटॉम मिलिमीटरच्या शंभराव्या भागापासून पाचव्या भागापर्यंतच्या आकाराचे असतात. आजवर बारा हजारांहून अधिक जातींचे शास्त्रीय वर्णन झाले आहे आणि प्रत्यक्षात जातींची संख्या याच्या कितीतरी पट असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

या वनस्पतीची वाढही विलक्षण आहे. पेशीचे विभाजन होते तेव्हा करंड्याचे दोन भाग वेगळे होतात. प्रत्येक कन्यापेशीच्या वाट्याला एक भाग येतो आणि ती त्याला झाकण मानून त्यात बसेल असा नवा, आतला भाग घडवते. झाकण वाट्याला आलेल्या पेशीचा आकार कायम राहतो. खालचे भांडे ज्या पेशीला मिळते, तिचा करंडा मात्र किंचित लहान होतो. पिढ्यांमागून पिढ्या हा संकोच चालतो. तो एका मर्यादेला पोहोचला की लैंगिक पुनरुत्पादन घडते, जुने कवच टाकले जाते आणि पुन्हा मूळ आकाराची पेशी जन्माला येते.

काचेचे घर बांधण्यामागे निसर्गाचा काटकसरीचा हिशेबही दिसतो. सेंद्रिय द्रव्याची भिंत उभारायला जेवढी ऊर्जा लागते, त्याहून बरीच कमी ऊर्जा सिलिकेच्या भिंतीला लागते. वाचलेली ऊर्जा वाढीसाठी वापरता येते. म्हणूनच प्रकाश, नत्र, स्फुरद, लोह आणि सिलिका ही सामग्री एकत्र आली की डायटॉम इतर प्लवकांना मागे टाकून झपाट्याने वाढतात. यातील पहिल्या चार गोष्टी सर्वच वनस्पतींना हव्या असतात. पाचवी, म्हणजे सिलिका, ही डायटॉमची खास गरज आहे. ती संपली की बाकी सारे असूनही डायटॉमची वाढ थांबते. पुढचे सगळे विवेचन या एका अटीभोवती फिरणारे आहे.

हवेतून तळाकडे

पृथ्वीवर दरवर्षी प्रकाशसंश्लेषणातून जेवढे सेंद्रिय द्रव्य तयार होते, त्याचा सुमारे पाचवा भाग एकटे डायटॉम तयार करतात. जगातील सर्व वर्षावने मिळून जे काम करतात, त्याच्या बरोबरीचे हे काम आहे. आपण घेतो त्या प्रत्येक पाच श्वासांतील एका श्वासाचा प्राणवायू डायटॉमचा, असे म्हटले जाते ते याच अर्थाने.

समुद्रातील अन्नसाखळीचा पायाही तेच आहेत. त्यांना कोपेपॉडसारखे प्राणी प्लवक खातात, त्यांना लहान मासे आणि लहान माशांना मोठे मासे. काही मासे तर डायटॉम थेट खातात. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरची तारली हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. ‘फ्रॅजिलारिया ओशियानिका’ या डायटॉमची वाढ आणि तारलीची विपुलता यांचे नाते मत्स्यशास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या मध्यालाच नोंदवले होते.

कार्बनच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा भाग मात्र डायटॉमच्या मरणानंतरचा आहे. समुद्राच्या पृष्ठभागाजवळ तयार होणारे बहुतेक सेंद्रिय द्रव्य तिथेच खाल्ले जाते, कुजते आणि त्यातील कार्बन पुन्हा हवेत परततो. डायटॉमचे कवच जड असते. बहर ओसरू लागला की त्यांच्या पेशी परस्परांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि ते दिवसाला शंभर मीटर किंवा त्याहून अधिक वेगाने खाली जाऊ शकतात. प्राणी प्लवकांच्या विष्ठेतूनही हे द्रव्य खोलवर पोहोचते. खालच्या अंधारात उतरणाऱ्या या पांढुरक्या कणांना शास्त्रज्ञ ‘सागरी हिम’ म्हणतात.

यातील थोडाच भाग तळाच्या गाळात कायमचा गाडला जातो. उरलेला वाटेत विघटित होतो. तथापि हजार मीटरच्या खाली विघटित झालेला कार्बन पृष्ठभागावर परत यायला शेकडो वर्षे लागतात. हवेतून कार्बन उचलून खोल समुद्रात ठेवणारी ही यंत्रणा ‘जैविक पंप’ या नावाने ओळखली जाते. ती बंद पडली, तर हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण आहे त्याहून दशलक्ष भागांत सुमारे दोनशे भागांनी वाढेल, असे गणित मांडले जाते. औद्योगिक क्रांतीपूर्वी हे प्रमाण २८० होते आणि २०२४ मध्ये ते ४२० च्या वर गेले होते. यावरून दोनशेचा अर्थ ध्यानात यावा.

काळ्या दगडाचा वाटा

आता पुन्हा वऱ्हाडात येऊ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या उद्रेकांतून दख्खनचे पठार घडले. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला हा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, आणि त्याच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग सिलिकेचा असतो. विहीर खणताना दगडाच्या पोकळीत सापडणाऱ्या गारगोट्या आणि चमकदार स्फटिक ही याच सिलिकेची रूपे आहेत. ज्वारीच्या पात्याने हात कापला जातो तोही पात्याच्या कडेला साठलेल्या सिलिकेच्या धारेमुळे. पिकाने ती काळ्या जमिनीतूनच उचललेली असते.

पावसाचे पाणी हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते. जमिनीत मुरताना मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनातून निघणारा वायू त्यात मिसळतो व हे सौम्य कार्बनिक आम्ल बेसाल्टमधील खनिजांना हळूहळू विरघळवते. खडकाच्या या झिजेला भूशास्त्रात रासायनिक अपक्षय म्हणतात. त्यातून कॅल्शियम व मॅग्नेशियम सुटे होतात, सिलिका सिलिसिक आम्लाच्या रूपात पाण्यात येते आणि हवेतला कार्बन बायकार्बोनेट होऊन त्याच पाण्यातून वाहू लागतो. पाणी तापवण्याच्या भांड्याला आतून बसणारा पांढरा थर किंवा काळ्या मातीत नांगराला लागणारे चुनखडीचे कंकर हा याच प्रक्रियेचा दृश्य पुरावा आहे.

म्हणजे काळा दगड दुहेरी काम करतो. झिजताना तो स्वतः कार्बन डायऑक्साइड बांधतो आणि झिजून सुटलेल्या सिलिकेने समुद्रातील डायटॉमना कार्बन बांधायला मदत करतो. नर्मदा, तापी आणि वैनगंगा यांच्या खोऱ्यांतील पाण्याचे रासायनिक पृथक्करण करून फ्रेंच संशोधकांनी २००१ मध्ये दख्खनच्या बेसाल्टच्या झिजेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच गटाच्या २००३ मधील जागतिक अभ्यासाचा निष्कर्ष असा की, भूभागाच्या पाच टक्क्यांहूनही कमी क्षेत्र व्यापणारा बेसाल्ट सिलिकेट खडकांच्या झिजेतून शोषल्या जाणाऱ्या एकूण कार्बन डायऑक्साइडचा सुमारे तिसरा हिस्सा उचलतो. उष्ण हवामान आणि मोसमी पाऊस लाभलेला दख्खन त्यातील एक प्रमुख प्रदेश आहे.

समुद्राला मिळणाऱ्या सिलिकेचा सर्वांत मोठा स्रोत नद्या हाच आहे. समुद्रात आलेला सिलिकाचा कण एकदाच वापरून संपत नाही. डायटॉम मेला की कवचाचा बराच भाग विरघळतो, दुसरा डायटॉम ती सिलिका उचलतो आणि गाळात गाडला जाण्यापूर्वी तोच कण साधारण पंधरा ते पंचवीस वेळा नव्या करंड्यात बसतो. जगातल्या साऱ्या नद्यांच्या तुलनेत तापीचा वाटा लहान आहे, हे खरे. परंतु हे चक्र अशा अनेक लहान वाट्यांवरच चाललेले असते.

लोहाने न फसलेला समुद्र

सिलिकेचे महत्त्व किती, याची कसोटी पाहणारा एक प्रयोग भारतीय शास्त्रज्ञांच्या सहभागाने झाला आहे. दक्षिण महासागरात नत्र आणि स्फुरद मुबलक असूनही लोहाच्या कमतरतेमुळे प्लवकांची वाढ खुंटते. तेथे लोह टाकले तर प्लवक वाढतील आणि हवेतला कार्बन तळाशी जाईल, अशी कल्पना १९९० च्या सुमारास पुढे आली. २००४ मध्ये जर्मनीच्या नेतृत्वाखाली झालेल्या प्रयोगात डायटॉमचा मोठा बहर आला आणि त्यातील निम्म्याहून अधिक द्रव्य हजार मीटरच्या खाली गेल्याचे आढळले. आशा वाढल्या.

पाठोपाठ २००९ मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी ‘लोहाफेक्स’ हा संयुक्त प्रयोग केला. ‘लोहा’ हा आपलाच शब्द त्याच्या नावात आहे. वाजिह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटाचेक हे त्याचे प्रमुख होते. पर्यावरणवादी संघटनांच्या आक्षेपांमुळे जर्मन सरकारने तो काही काळ रोखून धरला होता. पुढे परवानगी मिळाली आणि ‘पोलारस्टेर्न’ या जहाजावरून सुमारे तीनशे चौरस किलोमीटर क्षेत्रात लोह मिसळण्यात आले. प्लवक वाढले, पण ते डायटॉम नव्हते. त्या पाण्यातली सिलिका आधीच्या नैसर्गिक बहरांनी संपवलेली होती. जे मऊ, कवचहीन प्लवक वाढले ते कोपेपॉडांनी फस्त केले आणि खोल समुद्रात गेलेला कार्बन नगण्यच ठरला.

हा प्रयोग फसला, असे म्हणण्यापेक्षा त्याने एक भ्रम दूर केला, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. समुद्राला एखादे द्रव्य पाजून हवामानबदलाचा प्रश्न सुटत नाही. डायटॉमला सिलिका हवीच आणि ती घडते जमिनीवर, खडकाच्या संथ झिजेतून.

वाटेतले अडथळे

ही सिलिका समुद्रापर्यंत पोहोचते का, हा पुढचा प्रश्न. नदीवर धरण झाले की पाणी थबकते, गाळ बसतो, पाणी नितळ होते आणि जलाशयातच गोड्या पाण्यातले डायटॉम वाढू लागतात. त्यांची कवचे जलाशयाच्या तळाशी साचतात. म्हणजे सिलिका वाटेतच अडकते. पूर्णेच्या उपनद्यांवर काटेपूर्णा, वान, शहानूर असे प्रकल्प आहेत. पूर्णा तापीला मिळाल्यावर पुढे हतनूर, त्यानंतर १९७२ मध्ये पूर्ण झालेले उकाई आणि मग काक्रापार, असा हा प्रवास आहे.

याचे परिणाम काय होऊ शकतात, याची उदाहरणे इतरत्र आहेत. नाईलवरील आस्वान धरणाने १९६४ नंतर पुराचे पाणी अडवले, तेव्हा नदीमुखापाशी दरवर्षी येणारा डायटॉमचा बहर नाहीसा झाला. इजिप्तच्या किनाऱ्यावरील सार्डिन माशांची पकड १९६२ मधील सुमारे १८ हजार टनांवरून त्या दशकाच्या अखेरीस काहीशे टनांवर आली. पुढे शेतीतील खते आणि शहरांचे सांडपाणी यांच्या पोषणावर तिथली मासेमारी सावरली, पण ती वेगळ्या पायावर. डॅन्यूब नदीच्या खोऱ्यात धरणे झाल्यावर काळ्या समुद्राला मिळणारी सिलिका घटली व डायटॉमच्या जागी इतर प्लवकांचे बहर वाढले, असे १९९७ मध्ये मांडले गेले. कोणत्या धरणाचा दोष किती, यावर नंतर मतभेद झाले, परंतु सिलिकेचे प्रमाण बिघडल्याचे मान्य झाले.

दुसरा अडथळा वेगळ्या प्रकारचा आहे. डायटॉमला नत्र आणि सिलिका साधारण समप्रमाणात लागतात. शेतातून वाहून जाणारा युरिया आणि शहरांचे प्रक्रिया न झालेले सांडपाणी यांमुळे नद्यांतील नत्र व स्फुरद वाढतात. सिलिका मात्र कोणी वाढवत नाही. एकीकडे नत्र वाढले आणि दुसरीकडे सिलिका जलाशयात अडकली, तर किनाऱ्यापाशी डायटॉमऐवजी कवचहीन, कधी विषारीही असणाऱ्या प्लवकांना रान मोकळे मिळते.

अरबी समुद्रात या शतकाच्या आरंभापासून हिवाळ्यात डायटॉमच्या जागी ‘नॉक्टिलुका’ या हिरव्या प्लवकाचे प्रचंड बहर दिसू लागले आहेत. हेल्गा गोम्स, ज्योकिम गोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये त्याचा संबंध समुद्रातील घटत्या प्राणवायूशी जोडला. इतर काही अभ्यासकांना हे कारण पुरेसे वाटत नाही आणि पोषकद्रव्यांचे बदललेले प्रमाण तपासायला हवे, असे ते म्हणतात. वादाचा निकाल लागायचा आहे. पण नॉक्टिलुका खाणारे प्राणी थोडे. मुख्यतः जेलीसारखे जीव त्यावर जगतात. म्हणून या बदलाचा धोका मासळीच्या साखळीपर्यंत पोहोचतो, ही बाब गंभीर आहे.

आपल्या नदीतला करंडा

डायटॉम पाहण्यासाठी समुद्रावर जायला हवे असे नाही. नदीतल्या दगडावर हाताला लागणारा तपकिरी, निसरडा थर बहुधा त्यांचाच असतो. महाराष्ट्रात त्यांच्या अभ्यासाची परंपरा जुनी आहे. हेमेंद्रकुमार गांधी यांनी १९५० च्या दशकात कोल्हापूर आणि पन्हाळगडच्या परिसरातील डायटॉमच्या नोंदी केल्या. सरोदे आणि कामत यांचा महाराष्ट्रातील गोड्या पाण्याच्या डायटॉमवरील ग्रंथ १९८४ मध्ये आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हे काम आजही चालू आहे. विदर्भाचे नाते तर त्याहून प्राचीन. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे सापडलेल्या डायनोसॉरच्या जीवाश्मरूप विष्ठेत ‘ऑलाकोसायरा’ या डायटॉमचे अवशेष आढळल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. गोड्या पाण्यातील डायटॉमच्या जगातील सर्वांत जुन्या अवशेषांत त्यांची गणना होते.

या वनस्पतींचा व्यावहारिक उपयोगही आहे. काही जातींना स्वच्छ पाणीच लागते. ‘निट्झशिया पॅलिया’सारख्या जाती घाण पाण्यात फोफावतात. नदीच्या दगडावरचा थर खरवडून, जाती मोजून पाण्याचा दर्जा ठरवण्याची पद्धत युरोपात रूढ आहे. अकोल्यात जानेवारी २०१८ मध्ये हजारो नागरिकांनी मोर्णा नदीच्या स्वच्छतेसाठी श्रमदान केले, त्याची देशभर दखल घेतली गेली. जलपर्णी काढल्यानंतर नदी खरोखर किती सुधारली, याचे उत्तर महाविद्यालयातील विद्यार्थी एका सूक्ष्मदर्शकाच्या आधारे दरवर्षी देऊ शकतील. त्या उत्तराला खर्च थोडा आणि विश्वासार्हता मोठी.

काळ्या दगडाकडे आता नव्या दृष्टीनेही पाहिले जात आहे. बेसाल्टची भुकटी शेतात पसरून झिजेचा वेग वाढवायचा आणि कार्बन बांधायचा, या पद्धतीवर छत्तीसगड व मध्य प्रदेशातील लहान शेतकऱ्यांसोबत काम करणाऱ्या ‘माटी कार्बन’ या संस्थेला एप्रिल २०२५ मध्ये ‘एक्सप्राइझ’ स्पर्धेचे पाच कोटी डॉलरचे पहिले पारितोषिक मिळाले. बांधलेला कार्बन नेमका मोजणे अवघड आहे. शिवाय दगड फोडायला व वाहायला लागणारे इंधन त्यातून वजा करावे लागते. वऱ्हाडची काळी माती तर मुळातच झिजलेल्या बेसाल्टची. इथे असा प्रयोग कितपत फळेल, हे मोजमापानेच ठरवावे लागेल.

ज्या प्रदेशात ‘सिंचनाचा अनुशेष’ हा शब्द पिढ्यान् पिढ्या ऐकला गेला आणि जिथल्या शेतकऱ्याने पाण्यावाचून फार सोसले, तिथे धरणे नकोत असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु अडवलेल्या पाण्यातला काही वाटा नदीला वाहता ठेवावा, नत्र पिकाला हवे तेवढेच द्यावे आणि सांडपाणी शुद्ध करूनच पात्रात सोडावे, या तीन गोष्टी शेती आणि शहरे यांच्याही हिताच्याच आहेत. नदीचे पाणी समुद्राला मिळाले की ‘वाया गेले’ असे आपण सहज म्हणतो. गाविलगडच्या पाण्यात विरघळून गेलेला दगड अरबी समुद्रात काचेचा करंडा होतो आणि त्यात हवेतला कार्बन भरून खोल तळाकडे निघतो. हे लक्षात घेतले, तर ‘वाया’ हा शब्द उच्चारताना आपण थोडे थबकू.